भूत असावं तर इनामदाराचं!

आता काय बोलायचं, तुम्हीच सांगा! काळारामाच्या पायाशी राहणारी माणसं, सकाळी रामकुंडावर जाऊन आलेली, आणि रात्री काय बघतात? हवेल्या! जळमटं धरलेली झुंबरं, आपसूक करकरणारा दिंडी दरवाजा, आणि जिन्यावरून उतरणारी ती, पांढऱ्या साडीतली, मोकळ्या केसांची. नाशकात कारंजापासून हिरावाडीपर्यंत घरोघरी हेच चाललंय. सुनांना नावं ठेवावीत तर सासवाच विचारतात, "अगं, काल त्या तळघराचं कुलूप उघडलं का गं शेवटी?" रामरक्षा कधी म्हणायची यावरून तर घरात उघड दोन तट आहेत. सिनेमाच्या आधी म्हटली तर भीतीच वाटत नाही, मग बघायचं कशाला, असं एका तटाचं म्हणणं. दुसरा तट नंतर म्हणतो, तीही दिवा चालू ठेवून.

बरं, भुताखेतांचं आपल्याला नवल असावं असंही नाही. खर-दूषण चौदा हजार राक्षस घेऊन आले ते इथेच, आणि तपोवनात शूर्पणखेचं नाक कापल्याची जागा आजही यात्रेकरूंना दाखवतात. पण ती सगळी उघड्यावरची, रानातली मंडळी. हल्लीच्या प्रेक्षकांना तसलं चालत नाही. भूत कसं खानदानी हवं! राजाचं, जमीनदाराचं, निदान इनामदाराचं तरी. माथाडी कामगाराच्या भुताने झुंबर हलवलंय असा एक तरी सिनेमा दाखवा. भाड्याच्या दोन खोल्यांत मेलेल्या माणसाला आपल्या पडद्यावर भूत व्हायचीसुद्धा सोय नाही.

याची सुरुवात केली बॉम्बे टॉकीजच्या 'महल'ने, 1949 मध्ये. कमाल अमरोहींचा सिनेमा, जोसेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराच्या त्या काळ्याभोर सावल्या, आणि सोळा वर्षांची मधुबाला झोपाळ्यावर. अशोककुमार तिच्यापायी लग्नाची बायको वाऱ्यावर सोडतो (काय ही तऱ्हा!), आणि शेवटी कळतं काय, तर ती भूतबीत काही नव्हती, माळ्याची मुलगी होती! बंगल्यातल्या बड्या लोकांच्या प्रेमकथेत शिरायला गरिबाच्या पोरीला भुताचं सोंग घ्यावं लागतं, हा त्या सिनेमातला खरा चटका. त्यावर कळस म्हणजे गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं 'कामिनी', म्हणजे त्या पात्राचं. गळा आमच्या लताबाईंचा आणि श्रेय भुताला!

पुढे रामसे बंधूंनी हा धंदा घाऊक केला. 1984 च्या 'पुराना मंदिर'मध्येही राजघराणंच, आणि शाप त्यांच्या लेकीबाळींच्या बाळंतपणावर. मराठीत आपण जरा हसत घाबरलो. 2004 च्या 'पछाडलेला'त वाड्यातलं भूत इनामदार भुसनळे, आणि ते काम दिलीप प्रभावळकरांनी असं केलं, की भुताचीच दया यावी. मग 2016 मध्ये 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आली. कोकणाची बदनामी होते म्हणून तक्रारी झाल्या, अंधश्रद्धा पसरते म्हणून झाल्या, आणि तक्रारी करणाऱ्यांच्या घरीही रात्री टीव्ही तिथेच लागलेला! अण्णा नाईक आणि शेवंता यांच्या भानगडीवर ज्यांनी नाकं मुरडली, तेच पुढे सावंतवाडीला गेल्यावर आकेरीचा तो वाडा बघून आले, समोर उभं राहून फोटो काढून.

पण 'तुंबाड'! त्याच्याबद्दल मुलांना जरा बाहेर पाठवूनच बोलायला हवं. 1918 साल, धो धो पाऊस, सरकारांचा वाडा, आणि विनायकाची आई तिथे चाकरीला. चाकरी कसली, ते मी सांगायला नको. आणि कशासाठी, तर एका सोन्याच्या मुद्रेसाठी. पुढे तो विनायक कणकेच्या बाहुल्या घेऊन हस्तर नावाच्या दैत्याच्या तोंडी जातो, मोहरा आणतो, पुण्यात चैन करतो, बाईही ठेवतो. म्हणजे दैत्याची भूक एकवेळ परवडली! राही अनिल बर्वेंनी तो पाऊस खरा हवा म्हणून पावसाळ्यामागून पावसाळे चित्रीकरण केलं, सासवडच्या पुरंदरे वाड्याचा चौक त्यात भिजवून घेतला. गोष्टीचं मूळ नारायण धारपांच्या कथेपर्यंत जातं. ऑक्टोबर 2018 मध्ये आला तेव्हा लोकांनी जेमतेम पाहिला, आणि 13 सप्टेंबर 2024 ला पुन्हा लागला तर आधीपेक्षा जास्त गल्ला! शेवट माहीत असलेल्या सिनेमाला लोकांनी दुसऱ्यांदा तिकिटं काढली. याला वेड नाहीतर काय म्हणायचं?

मला विचाराल तर त्यात सगळ्यांत भीतीदायक हस्तर नाहीच. स्वातंत्र्य आल्यावर वाडा आता सरकारजमा होणार असं कळतं ना, तिथे विनायकाचा चेहरा बघा. दैत्याच्या पोटात बेधडक उतरणारा माणूस सरकारी कागदाने गार पडतो.

विलायतेत म्हणे 1764 मध्ये होरेस वॉलपोल नावाच्या बड्या घरच्या गृहस्थाने झपाटलेल्या गढीची पहिली कादंबरी लिहिली. ऐन लग्नाच्या दिवशी गढीच्या वारसावर आभाळातून राक्षसी शिरस्त्राण कोसळतं. लिहिली स्वतः, आणि सांगितलं की जुन्या इटालियन पोथीचं भाषांतर आहे. त्यांना असं काहीबाही रचावं लागलं. आपल्याकडे नऊच वर्षांनी, 30 ऑगस्ट 1773 ला, शनिवारवाड्यात अठरा वर्षांचा पेशवा नारायणराव गारद्यांपासून पळत काकाच्या गळ्यात पडला, तरी मारला गेला. वाडा 1828 च्या आगीत गेला, आज नुसती जोती आणि तटबंदी उरलीय, तरी नारायणरावाची हाक लोकांना ऐकू येतेच. डोक्यावर छप्पर नाही, पण जागा सोडायची नाही!

आणि या खुनाची उत्तरकथा कुठली? आपल्या गोदाकाठची! नारायणरावाची आई गोपिकाबाई राहायला गंगापूरला. ज्या जावेने 'ध'चा 'मा' केला म्हणतात, त्या आनंदीबाईच्या नावाचं गाव आनंदवल्ली, त्याच नदीवर, जवळच. पेशव्याची आई नाशकात सरदारांच्या दारी माधुकरी मागायची असं सांगतात. 1788 मध्ये ती गेली. थोरली जाऊ, धाकटी जाऊ, मधे मुलाचं रक्त आणि गोदावरी; यावर अजून कोणी धड भयपट काढलेला नाही. आणि आपले लोक बसलेत राजस्थानच्या हवेल्या बघत!

गावात खरे वाडे असून, बरं का. पावसाळ्यात महापालिका धोकादायक म्हणून नोटिसा डकवते ते हेच. मध्यरात्री माजघरात धप्प आवाज झाला तर कोणी किंचाळत नाही. "माती पडली माळवदाची," म्हणून कूस बदलायची आणि सकाळी घमेलं घेऊन भरायची. तुळयांना वाळवी, भिंतीतून पिंपळ, परसातल्या आडावर पत्रा. आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर मालक कोण, तर चाळीस वर्षांपूर्वी वारलेले आजोबा! मयताचं नाव कमी करू म्हटलं, तर वारसांचंच एकमत होत नाही. एक अमेरिकेत, एकाचं कोर्टात चालू, एक तर "मेलो तरी सही देणार नाही" असं म्हणून खरोखरच गेले. सांगा, कुठल्या सिनेमातल्या भुताचा वाड्यावर इतका पक्का हक्क असतो? ज्यांना हे सोसलं नाही ते फ्लॅटमध्ये गेले, आणि आता तिथल्या सोफ्यावर बसून पडद्यावरचा वाडा बघत म्हणतात, "काय ते सागवान, काय तो चौक!"

मध्यंतरी एका वाड्यात चर्चा निघाली की शूटिंगलाच द्यावा, चार पैसे सुटतील. सगळे एका पायावर तयार, आयुष्यात पहिल्यांदा. थोरल्या काकूंनी तर फोटोतल्या आजेसासूबाईंना कुठे टांगलं म्हणजे कॅमेऱ्यात नीट येतील, तेही ठरवलं. मग कोणीतरी विचारलं, भाड्याचा चेक कोणाच्या नावाने? तेव्हापासून दोन चुलत्यांचं बोलणं बंद आहे, आणि ओसरीवरच्या मधल्या दाराला आता दोन्ही बाजूंनी कड्या आहेत.