जॅकेटवर नाव कुठाय?

रेडमंड, वॉशिंग्टन राज्य
१४ सप्टेंबर २०२५

ती. दादा आणि सौ. वैनी यांना सा. न. वि. वि.

राजवर्धनला पाठवलेलं जॅकेट पोचलं हे तुझ्या व्हॉइस मेसेजवरनं कळलं. मेसेजात पहिला शब्द 'मिळालं' आणि दुसरं वाक्य 'अगं, पण ह्याच्यावर नाव कुठाय?' मागनं वैनींचा आवाज आला, 'लक्ष्मीपुरीतनं घेतल्यागत दिसतंय.'

दादा, नाव आहे. डाव्या छातीवर, काळ्या कापडावर काळ्याच दोऱ्यानं. उजेडात तिरकं धरलंस तर एका पक्ष्याचा सांगाडा दिसेल. आर्क्टेरिक्स म्हणून कंपनी आहे, आमच्या वरच्या अंगाला कॅनडात, व्हँकुव्हरच्या पलीकडची. आर्किऑप्टेरिक्स नावाच्या पुराणकाळच्या जिवाचा दगडात सापडलेला सांगाडा, ते तिचं चिन्ह. दिसू नये म्हणूनच ते काळ्यावर काळं ठेवलंय. ज्याला ओळखायचं तो वीस पावलांवरनं ओळखतो, आणि बाकीच्यांनी ओळखावं अशी इथं कुणाची इच्छाच नसते. किंमत फोनवर सांगितली नाही, पत्रातही सांगत नाही. तुमच्या पाहुण्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मात्र 'सेलमध्ये घेतलं' हे अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय.

अजून टेक्सासातच असतो तर ही तक्रार आली नसती. डॅलसजवळच्या फ्रिस्कोत पाऊल टाकलं तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं होतं ते उगाच नाही. डॅलसच्या माणसाला कोल्हापूर समजावून सांगावं लागत नाही. घेतलंय ना, मग दिसू दे, अशी तिथली सरळ रीत. आमच्या शेजाऱ्याकडं फोर्डचा एफ-१५० ट्रक होता, त्यातला 'किंग रँच' मॉडेलचा. किंग रँच म्हणजे दक्षिण टेक्सासातलं १८५३ सालापासूनचं गुरांचं रान, सव्वाआठ लाख एकरांचं. तिथल्या जनावरांच्या अंगावर जो डाग देतात तोच शिक्का या ट्रकच्या चामडी सीटवर असतो. आमचा शेजारी दिवसभर बँकेत बसणारा. गाय त्यानं पाहिली असेल तर ताटातच. पण शनिवारी सकाळी तो ट्रक पुसायला घ्यायचा तेव्हा त्याच्या तोंडावर जे तेज यायचं, ते मी फक्त पाडव्याला कसबा बावड्यात म्हैस सजवणाऱ्यांच्या तोंडावर बघितलंय.

आणि नीमन मार्कस! १९०७ सालापासनंचं डॅलसचं दुकान. नाताळाला भेटवस्तूंचं पुस्तक काढतं. १९६० साली त्यात नवरा-बायकोसाठी जोडीची विमानं होती, एक त्याचं, एक तिचं. १९७१ साली जोडीच्या इजिप्शियन शवपेट्या, अस्सल, आणि एका पेटीत खरोखरच ममी निघाली. पेट्या गेल्या सॅन होजेच्या एका वस्तुसंग्रहालयात, पण नाव झालं डॅलसचं. संभाजीनगरकरांनी, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादकरांनी, २०१० मध्ये एकी करून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, आठवतंय? तू कितीतरी दिवस हळहळत होतास, 'आपल्या लोकांना कसं सुचलं नाही' म्हणून. ती गोष्ट मी डॅलसात सांगितली तेव्हा कुणी हसलं नाही. एकानं खुर्ची पुढं ओढून विचारलं, 'मग डिस्काउंट किती पडला?'

आमच्या सईच्या फ्रिस्कोतल्या शाळेतला होमकमिंगचा सोहळा तर वैनींनी फोटोत बघितलाच आहे. मुली छातीवर 'मम' लावतात. रेशमी शेवंतीचं ताटाएवढं फूल, खाली गुडघ्यापर्यंत फिती, फितींना घुंगरं, मधेच एखादं टेडी अस्वल, लुकलुकणारे दिवे आणि चमचमत्या अक्षरांत नाव. काहींची इतकी जड असतात की पिनेनं पेलत नाहीत, गळ्यात पट्टा अडकवावा लागतो. वैनी म्हणाल्या 'नादखुळा', आणि आईनं विचारलं, 'लग्न कुणाचं हाय?'

या सगळ्यात तुमच्या पुणेकर पाहुण्यांनी कशी वर्षं काढली ते त्यांचं त्यांना माहीत. पार्टीला जाताना आमची गाडी ते दोन गल्ल्या अलीकडं लावायचे. बदली होऊन सिएटलकडं आलो आणि आठवड्याभरात माणूस तरारला. अहो, पुण्याची सगळी शिस्त इथं आयती रुजलेली! जुनं नीट वापरायचं, नवं घेतलं तर ते जुनं वाटेल असं घ्यायचं, आणि त्याबद्दल बोलायचं नाही, फक्त समोरच्यानं विचारावं म्हणून थांबून राहायचं.

तुला वाटेल मग पैसे तरी वाचत असतील. छे. पगारावर राज्याचा आयकर ना टेक्सासात, ना वॉशिंग्टनात. हातात राहणारा पैसा दोन्हीकडं सारखाच, पण तो लपवायला इथं जास्त खर्च येतो.

आमचे एक शेजारी आहेत, साठीतले. तळ्याकाठी घर, स्वतःची होडी. अंगात मात्र पिसं भरलेलं एक विटकं जॅकेट आणि त्याच्या कोपराला चंदेरी चिकटपट्टी. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'यांना आमच्या ह्यांचा जुना स्वेटर देऊ का गं?' पट्टी मुद्दाम राखलेली आहे म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. कुठल्याशा सुळक्यावर ते जॅकेट फाटलं होतं. पट्टीकडं नजर गेली की त्या चढाईची गोष्ट सुरू होते, आणि नजर जाईपर्यंत ते कोपर पुढं करून उभे राहतात. ते जॅकेट पॅटागोनियाचं. या कंपनीनं २०११ साली ऐन सेलच्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आपल्याच जॅकेटचा फोटो छापून 'हे घेऊ नका' अशी पानभर जाहिरात दिली होती. पुढं खप वाढला. दादा, हे वाचून दुकानावर तसला बोर्ड लावू नकोस. राजारामपुरीत लोक खरंच निघून जातील.

पाहुणे आल्या आल्या आरईआयचे सभासद झाले. १९३८ साली इथल्या गिर्यारोहकांना बर्फावर चढायची कुऱ्हाड रास्त भावात मिळेना, म्हणून त्यांनी काढलेली ही सहकारी संस्था. आपल्या वारणेसारखाच सहकार, पण दुधाच्या जागी तंबू. दुसऱ्या दिवसापासनं ते 'आमच्या संस्थेत' असं बोलायला लागले. कॉस्टकोची गोष्ट वेगळीच. तिचं पहिलं दुकान सिएटलचंच, १९८३ चं, आणि तिचा घरचा छाप 'कर्कलंड सिग्नेचर' आमच्या शेजारच्या कर्कलंड गावाच्या नावाचा. बदाम कर्कलंडचे, मोजे कर्कलंडचे, शर्टही कर्कलंडचा. कॉस्टको टेक्सासातही आहे, पण तिथं आमच्या ओळखीतले लोक बदाम काचेच्या बरणीत ओतून मगच पाहुण्यांपुढं ठेवायचे. इथं मोठमोठ्या पगाराची माणसं दीड डॉलरचा हॉटडॉग आणि कोल्ड्रिंक घेऊन उभ्यानं खातात आणि १९८५ पासनं दर वाढलेला नाही हे अभिमानानं सांगतात. परवा ऑफिसातल्या एका बाईंनी तुमच्या पाहुण्यांना विचारलं, 'हा स्वेटर किती वर्षांचा?' उत्तर ऐकून बाईंनी आदरानं मान डोलावली म्हणे. त्या रात्री गडी दोनदा भात घेऊन जेवला.

कपड्यावर नाव नको म्हणणारी ही माणसं मग आपली पायरी कशानं दाखवतात? कमरेच्या बिल्ल्यानं. ॲमेझॉनमध्ये बिल्ला आधी निळा असतो, पाच वर्षं भरली की पिवळा, दहाला लाल, पंधराला जांभळा. लिफ्टमध्ये फाटका टी-शर्ट घातलेला एखादा शिरतो, बाकीचे त्याच्या कमरेकडं बघतात आणि सरकून जागा देतात. फेटाच तो, खाली बांधलेला.

कॉफीचंही तेच. १९७१ साली स्टारबक्स सुरू झालं ते सिएटलातच, पण आमच्या ओळखीचं कुणी 'मी स्टारबक्सची पितो' म्हणत नाही. कुठल्या देशाची, कुठल्या डोंगरावरची, किती उंचीवरची, कुणाच्या मळ्यातली हे सगळं सांगितल्याशिवाय घोट खाली उतरत नाही. मी फार हसत नाही. गूळ कुठल्या गुऱ्हाळातला हे विचारल्याशिवाय वैनींनी तरी कधी ढेपेला हात लावलाय?

सई तर पार इथलीच झाली. फ्रिस्कोतल्या मैत्रिणींचे 'मम'चे फोटो आत्ताच यायला लागलेत, ते बघून 'किती ते!' म्हणते आणि स्वतः जुन्या कपड्यांच्या दुकानातनं कुणाचा तरी ढगळ, भोकाचा स्वेटर विकत आणते. ही खोड सिएटलची जुनी आहे. निर्वाणा आणि त्यांच्याबरोबरची गाणारी पोरं इथं जुन्यापान्या चौकड्यांच्या शर्टात हिंडायची. न्यूयॉर्कच्या मार्क जेकब्सनं १९९२ साली पेरी एलिस या कंपनीसाठी तेच चौकड्यांचे शर्ट रेशमात काढून रॅम्पवर आणले आणि त्यात त्याची नोकरी गेली. फाटकं स्वस्तातच मिळालं पाहिजे, हा नियम सईला पाठ आहे. आईला सांगू नका, ती सुई-दोरा पाठवेल.

आपली माणसंही गावाप्रमाणं बदलतात हो. डॅलसच्या गणपतीत माझ्या पैठणीला बायकांचा पहिला प्रश्न 'केवढ्याची?' असायचा. मी सांगायची, त्या त्यांची सांगायच्या, विषय मोकळा. इथल्या गणपतीत परवा कुणी किंमत विचारली नाही. एकीनं हसत पदराचं टोक हातात घेतलं, उलटं केलं, मागच्या बाजूचे धागे बघितले, आणि तसंच हसत खाली सोडलं. सांगते वैनी, 'केवढ्याची' परवडलं.

आता चपलेचं. जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं कोल्हापुरी चप्पल 'लेदर सँडल' म्हणून रॅम्पवर आणली, कोल्हापूरचं नाव न घेता, तेव्हा तू फोनवर जे बोललास ते पत्रात लिहिता येत नाही. तुझा राग रास्त होता. २०१९ सालीच आपल्या आणि कर्नाटकाच्या मिळून आठ जिल्ह्यांना या चपलेचं भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेलं आहे. मग ओरडा झाला, कंपनीनं मूळ कोल्हापूरचं असल्याचं कबूल केलं, जुलैत त्यांची माणसं आपल्या गावात येऊन कारागिरांना भेटूनही गेली. त्या सगळ्या गदारोळात माझी मात्र चांदी झाली.

लेबर डेच्या सुट्टीत त्या चिकटपट्टीवाल्यांच्या अंगणात जेवण होतं. मी साध्या सुती साडीवर बाबांनी चप्पल लाईनीतनं घेऊन दिलेली कापशी घातली होती. यजमान हातातला चिमटा खाली ठेवून चक्क गुडघ्यावर बसले. शिलाई कशाची? चामड्याचीच वादी. कमावलं कशानं? बाभळीची साल आणि हिरडा. खिळा? एकही नाही. छाप? नाही. 'छाप नाही!' त्यांनी बायकोला हाक मारली. तीही वाकली. पाच मिनिटं माझे पाय सोडून कुणी कशाकडं बघेना, निखाऱ्यावर मका जळत होता. मी चार पावलं चालून दाखवली, तेव्हा कर्रकर्र आवाज आला आणि सगळे गप्प झाले. हा आवाज मुद्दाम ठेवतात, माणूस येतोय हे त्याच्या आधी कळावं म्हणून, असं सांगितल्यावर त्यांना काय बोलावं सुचेना. असलं जाहीर काही करायची त्यांना सवयच नाही.

त्याच संध्याकाळी फोटो टाकला. डॅलसच्या मैत्रिणीचा मिनिटात फोन. 'अय्या, प्राडाची घेतलीस? केवढ्याला?' मी काही न बोलता नुसती हसले. पाहुणे म्हणाले, 'खोटं का बोललीस?' म्हटलं, बोलले कुठं? हसले. हे मी इथंच शिकले.

आणि तू? व्हिडिओ कॉलवर बघितलं मी. भर महाद्वार रोडला पांढरेफेक बूट, बाजूला हातभर इंग्रजी नाव. चप्पल लाईन तिथनं हाकेच्या अंतरावर, तिथं दादा बुटात! वैनी, तुम्ही तरी काही बोला.

तर दिवाळीच्या फराळाबरोबर चपला पाठव. माझी कापशी, वेणी जरीची, आवाज भरपूर. पाहुण्यांना बिनआवाजाची, बिनजरीची, आणि बिल लावू नकोस, किंमत बघितली तर ते घालणार नाहीत, जपून ठेवतील. सईला नवी नको आहे. माडीवर बाबांची जुनी पायताणं आहेत ना, टाच एका बाजूनं झिजलेली, अंगठ्याचा खड्डा पडलेली? ती पुसूसुद्धा नका. तिच्या पायाला दोन बोटं मोठी होतील, पण ती म्हणते तशीच हवीत. शाळेत भाव तिचाच राहणार आहे.

आईच्या गुडघ्याचं कळव. राजवर्धनला आशीर्वाद.

तुझी,
मनू