खांब कुणासाठी रोवले?

"काकू, ऐकलंत का? आपल्या गल्लीच्या तोंडाशी फुटपाथवर लोखंडी खांब ठोकलेत."

"ऐकायचं काय त्यात, अडकले ना मी! नारायणगुडा मेट्रोवरून भाजी घेऊन येत होते. मी तिरपी होऊन निसटले, पण पिशवी राहिली खांबांच्या पलीकडे."

"मोटरसायकलवाल्यांना अडवायला ठोकलेत म्हणे."

"हौ, आणि अडलं कोण? पलीकडच्या आजींची व्हीलचेअर, तुझ्या बाळाची बाबागाडी आणि पेपरवाल्याची सायकल. मोटरसायकलवाले शेजारच्या दुकानाच्या रॅम्पवरून चढून गेले भुर्रकन."

"तरी पण काकू, खांब काढले तर संध्याकाळी फुटपाथवरून स्कूटरींची रांग लागेल. हॉर्न वाजवून आपल्यालाच बाजूला व्हायला सांगतात मेले."

"ते खरं गं. पण तुझे काका टेप घेऊन गेले होते मोजायला. त्यांचं म्हणणं ऐक. स्कूटर हँडलपाशी दोन-सव्वादोन फूट रुंद. व्हीलचेअरही जवळपास तेवढीच, वर चाकं फिरवणाऱ्या हातांना जागा हवी. म्हणजे ती जायला तीन फूट तरी मोकळे पाहिजेत. आता सांग, स्कूटर अडेल आणि व्हीलचेअर जाईल, असं अंतर ठेवणार कसं?"

"अगोबाई, नाहीच ठेवता यायचं!"

"तेच तर. खांब लावायचे ते मोटारी चढू नयेत म्हणून, तेही चांगलं चार फूट अंतर ठेवून. स्कूटरवाल्याला पोलिसाचं चलनच आवरणार. 2022 च्या ऑक्टोबरात आपल्या हैदराबादच्या ट्रॅफिक पोलिसांनी 'ऑपरेशन रोप' काढलं होतं, आडव्यातिडव्या गाड्या आणि रस्त्यावरची अतिक्रमणं हटवायला. तसा दंड रोज लागला तर खांब लागतातच कशाला?"

"आपल्याकडे मोहीम येते आणि जाते, काकू. 2018 च्या पावसाळ्यात महापालिकेनं फुटपाथवरचे जिने, रॅम्प, टपऱ्या धडाधड तोडल्या होत्या, आठवतं? आता बघा कोपऱ्यावर."

"कोपऱ्यावर कशाला, तुझ्या गेटपुढे बघ की! त्या तुळशीच्या आणि जास्वंदीच्या कुंड्या कुठे आहेत?"

"त्या होय... आमच्या सासूबाईंनी ठेवल्यात."

"सासूबाईंनी ठेवल्या म्हणून फुटपाथ त्यांचा झाला का? आत घे बरं आजच."

"घेते हो! पण अर्ज-विनंत्या करून अडथळे निघतात तरी का?"

"निघतात. माझी बहीण सैनिकपुरीला असते. सिकंदराबादेत यायचं तर वाट लष्करी हद्दीतून. फाटक लागलं की लांबचा वळसा. तिथले लोक वर्षानुवर्षं भांडले. मोर्चे काढले, पण कायदाही उघडून बसले. 2006 च्या कँटोन्मेंट कायद्यात चक्क लिहिलंय की जाहीर नोटीस काढून हरकती मागवल्याशिवाय रस्ता कायमचा बंद करता येत नाही. शेवटी 2018 च्या मे महिन्यात संरक्षण खात्यानं देशभरातल्या कँटोन्मेंटमधले असे रस्ते उघडायला सांगितलं. पुढेही काही रस्त्यांवरून ओढाताण चालली, पण फाटक कुणी, कुठल्या हुकमानं लावलं, हे लेखी विचारल्यावरच गोष्ट हलली."

"आमचा चिरंजीव मात्र आऊटर रिंग रोडच्या सायकल ट्रॅकचं गुणगान गातो. 23 किलोमीटर, वर सोलरचं छत!"

"2023 मध्ये केला तो. छानच आहे. पण काचिगुड्याहून तिथं सायकलनं जायचं कसं?"

"तो सायकल मोटारीच्या मागे बांधून नेतो."

"घ्या! सायकल चालवायला आधी मोटार पाहिजे. पोरानं शाळेत, क्लासला सायकलनं जावं असं वाटत असेल तर गल्लीचं तोंड आधी मोकळं करायला हवं."

"मग करायचं काय?"

"काकांनी अर्ज लिहिलाय. दोन खांबांतलं अंतर, फोटो आणि एकच मागणी: मधला खांब काढा, म्हणजे चार फुटांची वाट होईल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या नियमांत फुटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितलीय, तेही घातलंय. आणि 2025 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की चालण्याजोगे फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि ते अपंगांनाही वापरता आले पाहिजेत, हे खाली ठळक अक्षरात."

"काका म्हणजे वकीलच झाले की!"

"रिटायर झाल्यापासून घरात तेच चालतं. बरं, सोमवारी महापालिकेच्या प्रजावाणीत, म्हणजे लोकांच्या तक्रारी घेतात तिथं, अर्ज द्यायचाय. तू सही कर, सासूबाईंची घे, आजींची तर हवीच. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. पोच नसेल तर पुढच्या खेपेला अर्ज दिला होता हे सिद्ध कोण करणार?"