कुत्रा भुंकत का नाही?

प्रोग्रॅमिंगच्या पाठ्यपुस्तकांत प्राणी फार. आधी ‘अ‍ॅनिमल’ नावाचा क्लास येतो, मग त्याच्या पोटी ‘डॉग’ जन्मतो, आणि त्याने भुंकावं एवढीच स्वाध्यायाची माफक अपेक्षा असते. कुत्रा मात्र भुंकत नाही. ‘प्राणी आवाज करतो’ असं एखाद्या सरकारी खुलाशासारखं मोघम वाक्य छापून मोकळा होतो. विद्यार्थी समजतो, आपल्याला इनहेरिटन्स कळलेलं नाही. माझ्या मते बहुतेकदा ते कळलेलं असतं. चुकलेलं असतं एखादं अक्षर, आणि खरा दोष असतो त्यावर गप्प राहणाऱ्या कम्पायलरचा. जावात ‘टूस्ट्रिंग’मधला एस कॅपिटल करायचा राहिला, तर तुम्ही वडिलांची मेथड ओव्हरराइड करत नाही, शेजारी नवी मेथड बांधता. ते पूर्ण कायदेशीर असल्यामुळे कम्पायलर हूं की चूं करत नाही, आणि पडद्यावर क्लासचं नाव, ‘अ‍ॅट’चं चिन्ह आणि पुढे अगम्य आकडे-अक्षरं उमटतात. ‘इक्वल्स’ त्याहून लबाड. तिने ‘ऑब्जेक्ट’ घ्यायचा असतो. विद्यार्थी सरळ मनाने ‘स्टुडंट’ लिहितो. ते झालं ओव्हरलोडिंग. दोन सारखे विद्यार्थी थेट ताडून पाहिले तर उत्तर ‘ट्रू’. त्यांतला एक ॲरेलिस्टमध्ये घालून दुसरा ‘कंटेन्स’ने शोधला तर ‘फॉल्स’, कारण लिस्ट विचारते ती वडिलांच्या मेथडला.

यावर अनुभवी मंडळी म्हणतात, ‘नीट टाइप करा!’ सल्ला थोर आहे, पण अनुभवी मंडळींनी तो स्वतःपुरता पुरेसा मानलेला दिसत नाही. जावाने 2004 मध्ये पाचव्या आवृत्तीत ‘ओव्हरराइड’चं ॲनोटेशन आणलं, सी प्लस प्लसने 2011 च्या मानकात त्याच नावाची सोय केली, आणि पायथॉनलाही 2023 मध्ये तशी खूण द्यावीशी वाटली, तीही वेगळा टाइप-चेकर चालवला तरच तोंड उघडते. जावात मेथडच्या डोक्यावर ही खूण ठेवली की आपला हेतू जाहीर होतो, आणि वर तशी मेथड नसेल तर कम्पायलर तिथल्या तिथे ओरडतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: इनहेरिटन्स शिकवायचंच कशाला? 1994 च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकानेच कंपोझिशनला झुकतं माप दिलं होतं. मान्य. पण जावात प्रत्येक क्लास निमूटपणे ‘ऑब्जेक्ट’चा वारस असतो; ‘टूस्ट्रिंग’ आणि ‘इक्वल्स’ जन्मतःच पदरात पडतात आणि हक्कसोडपत्राची सोय नाही. म्हणून ही खूण पहिल्याच स्वाध्यायात सक्तीची करावी. पुस्तकं तिला ‘ऐच्छिक’ म्हणतात, आणि ऐच्छिक गोष्टीचं विद्यार्थी काय करतात, हे पेपर तपासणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.