वाकडं अवतरणचिन्ह

रायपूरच्या चौबे कॉलनीत कुणी ‘मी येऊन राहिलो’ म्हणालं, तर नागपुरी वळणाच्या त्या वाक्याला पुणेकर हसेल, पण चहाचं आधण ठेवेल. दुसऱ्याची चूक ऐकता ऐकता मनात सुधारून घ्यायची सवय माणसाला असते. संगणकाला ती नाही. तो सदाशिव पेठेपेक्षाही कडक. प्रोग्रामिंगचा धडा वर्डमध्ये टाइप केला की सरळ अवतरणचिन्हं आपोआप नटूनथटून वाकडी होतात. छापील पानावर ती शोभतात, आणि तीच ओळ पायथन या संगणकभाषेला दिली की प्रोग्राम सुरूच होत नाही. म्हणून जाडजूड ग्रंथातली चूक एक वेळ राहू द्यावी, पण पहिल्या धड्यातली आधी काढावी असं माझं मत आहे. जाणकार चुकीचं खापर पुस्तकावर फोडतो, नवशिका स्वतःच्या डोक्यावर. ‘हे आपलं काम नव्हे’ असं ठरवून तो उठतो, आणि घरचे लगेच त्याला बँकेच्या परीक्षेचं पुस्तक आणून देतात.

यावर कुणी म्हणेल, चुका शोधणं म्हणजेच तर प्रोग्रामिंग. पोराला झगडू द्या. आपली चूक शोधताना माणूस शिकतो, हे कबूल. पण पुस्तकाची चूक ओळखायला ते पुस्तक आधीच येत असावं लागतं. जुने धडे वय विचारून त्यात एक मिळवायला सांगतात. पायथन २ मध्ये ते जमायचं. 2008 साली आलेल्या पायथन ३ ला टाइप केलेलं वय हा आकडा वाटत नाही, अक्षरं वाटतात. अक्षरांत एक मिळवायला तो साफ नकार देतो. पायथन २ चा सांभाळ 1 जानेवारी 2020 ला थांबला, धडे मात्र पेन्शनरासारखे ठणठणीत आहेत. त्यात भर म्हणजे, सहाव्या ओळीतला कंस मिटवायचा राहिला तर पायथनच्या जुन्या आवृत्त्या बोट दाखवत सातव्या ओळीकडे. चोर शेजारच्या घरात आणि झडती आपल्या!

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: चुका काढणारे लोक कंटाळवाणे असतात. असतातच. सी भाषेत ‘व्हॉइड मेन’ लिहावं की ‘इंट मेन’ यावर घसा कोरडा करणारे या पंथाचे कीर्तनकार. प्रमाणाप्रमाणे ‘इंट’च बरोबर, पण टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर दोन्ही निमूट चालायची; ती दुरुस्ती दुसऱ्या आवृत्तीपर्यंत थांबली तरी आभाळ कोसळत नाही. आधी पोराला अडवणारी चूक काढावी, मग आपल्याला टोचणारी. दोष दाखवणं ही छत्तीसगडला परकी गोष्टही नाही. माधवराव सप्र्यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगड मित्र’ हे मासिक काढलं, त्यात पुस्तकांची परखड परीक्षणं छापली. घरची भाषा मराठी, तपासणी हिंदीची. तरी कुणाचं बिघडलं नाही. तिकडे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ आपल्या ग्रंथातली चूक दाखवणाऱ्याला 2.56 डॉलरचा धनादेश पाठवत, कारण दहाऐवजी सोळाचा पाया धरून मोजलं तर 256 सेंटांचा एक डॉलर होतो. बहुतेकांनी तो वटवला नाही, चौकटीत लावला. पण ते ग्रंथ पंडितांचे. पहिल्या धड्यातली चूक दाखवणाऱ्या पोराला क्लासात एवढंच ऐकायला मिळतं: ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल, परत टाइप कर.’ तो करतो. पुस्तकात पाहून. वाकड्या अवतरणचिन्हांसकट.