दरमहा एक डॉलर

न्यूयॉर्कमधील बावरी आणि हाउस्टन या रस्त्यांच्या नाक्यावरील एका उजाड जागेत जोवर केवळ कचरा साचत होता, तोवर तिच्या मालकीविषयी त्या महानगराच्या दप्तराने उदात्त औदासीन्य पाळले होते. परंतु १९७३ साली लिझ क्रिस्टी नामक चित्रकर्तीने आणि ‘ग्रीन गेरिला’ म्हणविणाऱ्या तिच्या सोबत्यांनी तो कचरा उपसून, कुंपण घालून, माती पसरून तेथे भाजीपाल्याचे वाफे सिद्ध करताच ते औदासीन्य लोपले, आणि १९७४ साली दरमहा एक डॉलर भाड्याने ती जागा त्यांना रीतसर बहाल करण्यात आली. उकिरड्याला भाडे बसत नाही. ते बसते फुलांना. (या एका डॉलरच्या वसुलीसाठी किती डॉलरांचे कारकून खपले असतील, हा प्रश्न आपल्याकडील अंमलदारांस तरी विचारू नये, त्यांस तो प्रश्नच वाटणार नाही.)

पुढे अशा बागा शहरभर फोफावल्या, आणि ज्या ओसाड जागांकडे पूर्वी कोणी ढुंकूनही पाहत नव्हते त्या विक्रीयोग्य ठरून १९९९ साली, महापौर जुलियानी यांच्या कारकिर्दीत, शंभरांहून अधिक बागा लिलावात काढण्याचा बेत झाला. स्वखुशीने खत वाहणाऱ्यांनी निषेधाचा पुष्कळ गिल्ला केला. अखेर अभिनेत्री बेट मिडलर यांची संस्था आणि आणखी एक न्यास पुढे सरसावले, आणि नागरिकांनी विनामोबदला फुलविलेल्या त्या बागा नागरिकांसाठीच, नागरिकांच्याच नगरपालिकेकडून, रोख रक्कम मोजून खरेदी करण्यात आल्या.