बाबूचं वजन

नागपुरात फॅमिली डॉक्टरला फोन करणारा माणूस आपलं नाव सांगत नाही. "मॅडम आहेत काय जी?" असा थेट विषयाला हात घालतो. नाव विचारलं की त्याला वाईट वाटतं. "मी बोलून राहिलो ना!" याउपर आणखी काय ओळख द्यायची?

आमच्या मावशींना तेवढं पुरतं. मावशी म्हणजे माझ्या डॉक्टर बायकोच्या, महाल भागातल्या दवाखान्याच्या रिसेप्शनिस्ट, कंपाउंडर आणि सर्वाधिकारी. त्या पेशंटला खोकण्यावरून ओळखतात. पण त्या पोळ्याला गावी गेल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. 1880च्या दशकापासून हे शहर खोकला, ताप, सगळी रोगराई मारबतीसोबत वेशीबाहेर धाडत आलं आहे. आमच्या दवाखान्याचा फोन नेमका त्याच सुमारास सगळ्यात जास्त वाजतो. पावसाळा, साचलेलं पाणी, अंगणात तसाच पडलेला कूलर. डेंगूच्या डासाला आणखी काय पाहिजे?

मावशींच्या जागी फोनवर मी बसलो, बँकेतून निवृत्त झालेला. कर्ज मागणाऱ्यांशी बोलण्यात हयात गेली, पेशंटचं काय एवढं! मी नवं रजिस्टर आखलं: नाव, वय, वजन, तक्रार, केव्हापासून. 25 मार्च 2020ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा छापून आणली. पेशंटची ओळख पटवून घ्यावी, असं त्यांत आहेच. शिवाय पेशंटनं स्वतः फोन केला तर त्याची संमती गृहीत धरतात. माझ्या प्रश्नांनाही संमती धरतात की नाही, तेवढं लिहायचं राहिलं असावं.

बायकोची ताकीद एवढीच, "तुम्ही औषध सांगायचं नाही. धाप, छातीत दुखणं, मूल मलूल पडलेलं, असं काही असलं की लगेच मला द्या."

पहिलाच फोन. "काल सावजी झालं जी, छातीत जळजळून राहिलं." मी हसून 'तर्री' असं लिहिणार, तेवढ्यात बायकोनं फोन ओढून घेतला. बसल्याजागी दुखतं का, घाम येतो का, डावा हात भरून येतो का, सगळं विचारलं आणि त्याला लगेच ईसीजीला बोलावलं. "हार्ट अटॅकवालेही आधी ॲसिडिटीच म्हणतात," एवढं मला ऐकवून ती आत गेली.

मी ताठ होऊन बसलो. आता चूक नाही.

"बाबूले आराम नाही पडून राहिला," एक बाई म्हणाल्या.

बाबू! आमच्याकडे लहान पोराला बाबूच म्हणतात. तापाच्या औषधाचा डोस मुलांना वजनावरून ठरतो, हे मला ऐकून माहीत होतं.

"वजन किती?"

"असंन ब्याऐंशी."

मी 8.2 लिहिलं. बँकेत असं दशांशचिन्ह घातलं असतं तर त्याच दिवशी निलंबित झालो असतो.

"दूध पितो का?"

"फक्त चहातलं."

हल्लीचे आईबाप! "बाई, एवढ्याशा जिवाला चहा?" मी चांगलं खडसावलं. पलीकडे शांतता. "त्याला नीट गुंडाळून आणा, उचलूनच आणा."

"उचलून?" बाईंचा आवाज चिरकला. "इतकं सीरियस आहे काय जी?"

संध्याकाळी बाबू आला. भरघोस मिशा, अंगावर सोलापुरी चादर, दोन्ही बाजूंनी दोन पुतणे आणि मागे घाबरीघुबरी वहिनी. बायकोनं तपासलं, साधा व्हायरल ताप. रजिस्टरमधला 8.2चा आकडा तिनं पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर वेगळं बोलावं लागत नाही.

बाबू मात्र चादर सावरत माझ्यासमोर येऊन बसला. "भाऊ, तुम्ही बँकेत होते ना? टॉपअप लोन फोनवर होऊन जाते काय?"

दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी मला येणारं काही विचारत होतं. व्याजदर, हप्ता, प्रोसेसिंग फी, तारण, जामीनदार. मी कागदावर आकडे मांडून त्याला इतकं समजावलं, की त्याला पुन्हा घाम सुटला.

"अहो, फोन!" आतून आवाज आला.

"पेशंटशी बोलून राहिलो ना!" मी म्हणालो.