दख्खनच्या राणीचा निळा

डेक्कन क्वीनने वीस-पंचवीस वर्षं पुणे-मुंबई केलेल्या एखाद्या जुन्या पासधारकाला विचारून बघा, गाडीचा रंग कोणता होता?

"निळा," तो ताबडतोब सांगेल.

कसला निळा?

"कसला म्हणजे? रेल्वेचा असतो तसा."

आणि खिडक्यांवरचा पट्टा? पांढरा की क्रीम?

इथे तो जरा चाचरतो. शेजारचा "लाल होता हो पट्टा" म्हणून मध्ये पडतो, तिसरा "लाल तो सिंहगड एक्स्प्रेसला" म्हणतो, आणि तुम्ही काढता पाय घेतलात तरी वाद कर्जतपर्यंत चालू राहतो. याच मंडळींना आपली सीट, तिच्यावरचा पंखा, सकाळी ऊन कोणत्या बाजूने येतं, कुठली खिडकी अडकते आणि ती उघडायला नेमका कुठे ठोसा मारायचा, हे सगळं तोंडपाठ असतं. डायनिंग कारमधल्या चीज टोस्टवर ते अर्धा तास बोलतील. पण रोज गाडीत बसणारा माणूस गाडी बाहेरून बघतच नाही. गाडी फलाटाला लागताना त्याला फक्त दार दिसतं.

मला मात्र ती बाहेरूनच बघायची असते, कारण मी आगगाडीचे डबे करतो. एचओ नावाच्या मापात करतो, म्हणजे खऱ्या डब्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. प्लॅस्टिकची शीट कापणं, चिकटवणं, घासणं हे पावसाळ्यातल्या चार रविवारांचं काम. रंग ठरवण्याचं काम कधी संपतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पुण्यातल्या मुलांना हा रोग बहुतेक कोथरूडमध्ये जडतो. भाऊ जोशींचं छोट्या आगगाड्यांचं म्युझियम तिथे १९९८ साली सुरू झालं. अंधार होतो, इवल्याशा शहरात दिवे लागतात, गाड्या फिरतात आणि सहलीला आलेली मुलं टाळ्या वाजवतात. एखादं कार्टं मात्र टाळ्या न वाजवता डब्याच्या चाकांकडे टक लावून बघत राहतं. त्याच्या आईबापांनी तेव्हाच सावध व्हावं.

तर मुद्दा डेक्कन क्वीनच्या रंगाचा. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेने तिच्यासाठी सात-सात डब्यांचे दोन रेक केले. अंडरफ्रेम विलायतेहून आल्या, वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. एक रेक रुपेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा रॉयल ब्लू, त्यावर सोनेरी रेघा. एवढी माहिती दर १ जूनला वर्तमानपत्रांत नव्याने छापून येते आणि वाचणाऱ्याचं त्यावर समाधान होतं. आमचं दुखणं इथूनच सुरू होतं. रॉयल ब्लू म्हणजे कोणता? भारतीय मानकांच्या आयएस ५ या रंगतक्त्यात १०५ क्रमांकाला ऑक्सफर्ड ब्लू आहे आणि १०६ ला चक्क रॉयल ब्लू. मिटलं की मग भांडण! पण भारतीय मानक संस्थाच मुळी १९४७ सालची. १९३० साली माटुंग्यात ब्रश घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो तक्ता कोण दाखवणार?

मग जुने फोटो बघावेत. ते अर्थातच कृष्णधवल, आणि त्यातही एक ग्यानबाची मेख आहे. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरात होती. तिला लाल दिसत नाही, त्यामुळे लाल वस्तू फोटोत काळी येते आणि निळी मात्र असते त्याहून फिकी. म्हणजे रुपेरी डब्यावरची लाल पट्टी काळी आणि गडद निळा डबा राखाडी. पॅनक्रोमॅटिक फिल्मही तोवर बाजारात आली होती आणि तिला सगळे रंग दिसतात. तेव्हा समोरचा फोटो कुठल्या फिल्मवरचा, हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी मी फलाटावर टांगलेल्या आग विझवायच्या बादल्या शोधतो. त्या लालच असणार. फोटोत त्या ठार काळ्या आल्या असतील तर फिल्म ऑर्थो. करड्या असतील तर डब्याच्या रंगावर जरा विश्वास ठेवायला हरकत नाही. हल्ली जुन्या गाडीचा फोटो हातात पडला की माझी नजर आधी बादल्यांवर जाते.

"भिंग घेऊन काय शोधताय?" घरातून प्रश्न येतो.

"बादली."

यापुढे आमच्या घरी या विषयावर चर्चा होत नाही.

रेल्वेच्या एका कारखान्यात उभी हयात डबे रंगवून निवृत्त झालेले एक काका मला एका लग्नाच्या पंगतीत भेटले. शेजारी साक्षात रंगारी बसलेला असताना मला मठ्ठा कसला गोड लागतोय! म्हटलं, "काका, आयसीएफच्या जुन्या डब्यांना लाल मारायचात, तो नेमका कसला लाल?"

"ड्रममधला."

"तसं नाही, विटकरीकडे झुकणारा की जांभळटाकडे?"

काकांनी जिलेबी पानात ठेवली. "हे बघा साहेब, ड्रम उघडला की वर तेल तरंगतं आणि रंग तळाला बसलेला असतो. काठीने ढवळायचा. ज्या पोराने नीट ढवळला त्याचा डबा गडद, ज्याने कंटाळा केला त्याचा फिका. शेवटी रंग पुरेना की टर्पेंटाइन ओतायचं. आणि तीन महिने घाटात फिरून आले की सगळे डबे सारखेच."

काकांचं शेवटचं वाक्य मी मॉडेलच्या टेबलासमोर लिहून लावलं आहे. कर्जत ते लोणावळा बोरघाटातला चढ ३७ ला १ आहे. गाडी वर जाताना मागून बँकर इंजिनं ढकलतात. उतरताना सगळा भार ब्रेकवर येतो, लोखंडी ब्रेक ब्लॉक झिजतात आणि त्यांची पूड डब्याच्या खालच्या भागावर बसून गंजते. इंजिन पहिल्यापासून विजेचं, त्यामुळे काजळीचा प्रश्न नाही. पण खिडकीखाली चाकांच्या वर तो तपकिरी थर हवाच. निगुतीने शोधलेल्या निळ्यावर शेवटी आपल्याच हाताने गंज फासायचा. शिवाय तोच रंग लहान वस्तूवर लावला की गडद दिसतो, म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा मिसळावा लागतो. किती मिसळावा यावरून आमच्यात पंथ पडले आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार बंद आहे.

खरं तर रंगाच्याही आधी साल ठरवावं लागतं. नुसता 'डेक्कन क्वीनचा डबा' असं काही नसतंच, डबा कुठल्या तरी सालचा असतो. १९६६ साली जुने रेक गेले आणि पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत, म्हणजे आयसीएफमध्ये, बांधलेले पोलादी डबे आले. त्यामुळे १९६५ ची गाडी आणि १९६७ ची गाडी यांच्यात नाव आणि घाट सोडला तर फारसं काही सामाईक नाही. या गाडीला तिसरा वर्ग जोडला गेला तो जून १९५५ मध्ये, आणि १९७४ साली तिसऱ्या वर्गालाच दुसरा म्हणू लागले. बसणारी माणसं तीच, पण डब्यावरचा वर्गाचा आकडा बदलला. डब्याच्या क्रमांकाचंही तसंच. पाच आकडी क्रमांकातले पहिले दोन आकडे बांधणीचं साल सांगतात आणि उरलेले तीन डब्याचा प्रकार. त्यामुळे दिसायला बरा म्हणून कुठलाही आकडा टाकता येत नाही, जाणकार माणूस तो वाचून तिथल्या तिथे विचारतो, "एवढा जुना डबा आणि एसी चेअर कार?"

सगळ्यांत ताप देते ती डब्यावरची नावाची पाटी. मुंबईच्या व्ही.टी. स्टेशनचं सीएसटी झालं १९९६ मध्ये आणि नावात 'महाराज' आलं २०१७ मध्ये. डबा १९९४ चा आणि पाटी सीएसटीची, असं मॉडेल कुणी समोर ठेवलं की आमच्या मंडळींना घास गिळवत नाही. बाकीच्या जगाला ती पाटी वाचायला भिंग लागतं. खऱ्या डब्यावरचं दहा सेंटिमीटरचं अक्षर आमच्याकडे सव्वा मिलिमीटरही भरत नाही. रोमन अक्षर त्यातही तग धरतं. देवनागरीत शिरोरेषा, तिच्यावर मात्रा आणि खाली उकार असा तीन मजली संसार. नखाचा धक्का लागला की 'पुणे'ची मात्रा उडून 'पुण' उरतं. त्यात रेल्वेला निळ्यावर पांढरी-पिवळी अक्षरं आवडतात आणि घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते.

छपराची तऱ्हा आणखी वेगळी. डब्याच्या बाजूचे फोटो कसेबसे मिळतात, पण छप्पर कुणीही काढलेलं नसतं, आणि मॉडेल टेबलावर ठेवलं की बघणाऱ्याला सगळ्यात आधी दिसतं ते छप्परच. म्हणून मी एका स्टेशनच्या पादचारी पुलावर उभा राहून खालच्या गाडीचे फोटो घेत होतो. एक जवान शेजारी येऊन उभा राहिला.

"काय काढताय?"

"छप्पर."

त्याने वाकून पाहिलं. "छपरावर कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग?"

या 'मग'पुढे भलेभले निरुत्तर होतील. मी मोबाइलमध्ये माझ्या अर्धवट डब्याचा फोटो काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला.

"बॅटरीचा बॉक्स कुठाय याचा?"

"बसवायचाय अजून."

"बसवा की. आणि छप्पर काढायचं तर इथून काय काढताय, त्या टोकाला जा. तिथून व्हेंटिलेटर सगळे दिसतात."

गेलो. खरंच दिसत होते.

आता या काटेकोरपणाबद्दलची एक गोष्ट, जी आम्ही सहसा बाहेर फोडत नाही. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो. त्याला ८७ ने गुणलं की १४३५ मिलिमीटर येतात आणि ते युरोपातल्या रुळांचं माप. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे त्याला साधारण सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ हवा. तसा रूळ दुकानात मिळत नाही, तशी चाकं मिळत नाहीत, सगळंच हाताने घडवावं लागतं. तेव्हा दख्खनची राणी आमच्याकडे युरोपच्या रुळांवरून पावणेतीन मिलिमीटर अंग चोरून धावते. निळ्याच्या छटेवरून एकमेकांशी अबोला धरणारी माणसं हे पावणेतीन मिलिमीटर बिनबोभाट गिळतात. मला यात काही गैर वाटत नाही. सगळंच अचूक करीन म्हणणाऱ्याचा एकही डबा पुरा झालेला मी पाहिलेला नाही.

जागेचंही एक त्रांगडं आहे. आयसीएफचा डबा २१.३ मीटर लांब, म्हणजे आमच्या मापात साडेचोवीस सेंटिमीटर. अलीकडची सतरा डब्यांची गाडी जोडली तर इंजिन न धरताच चार मीटरच्या पुढे जाते. आमच्या फ्लॅटमध्ये तिचं इंजिन बाल्कनीत आणि शेवटचा डबा मोरीत येतो. उलट १९३० चा सात डब्यांचा रेक भिंतीलगतच्या फळीवर आरामात मावतो. थोडक्यात, जिचा रंग ठाऊक आहे ती गाडी घरात बसत नाही आणि जी घरात बसते तिचा रंग ठाऊक नाही.

जून २०२२ पासून गाडीला नवे एलएचबी डबे लागले आणि राणीने हिरवा शालू नेसला. हे डबे आयसीएफपेक्षा दोन मीटरहून जास्त लांब, त्यांना बाजूचे बफर नाहीत. म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून. आता खिशाखिशात कॅमेरा आहे, तेव्हा या हिरव्याचा पुरावा भरपूर राहील असं वाटतं. पण मोबाइल आकाश निळंशार करता करता डब्याचा रंगही आपल्या मर्जीने बदलतो. एकाच सकाळी, एकाच फलाटावर, दोन मोबाइलवर काढलेल्या फोटोंत दोन वेगळे हिरवे माझ्यापाशी आहेत.

तेव्हा तुम्हाला एक विनंती. तुमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये स्टेशनवरचा एखादा रंगीत फोटो नक्की असेल. कुणी नोकरीला निघालंय, कुणी सासरी, आणि सगळं कुटुंब डब्यासमोर रांगेत उभं आहे. बहुतेक वेळा आत्या नेमकी डब्याच्या क्रमांकासमोर उभी असते. असू द्या. कोपऱ्यात बोटभर डबा दिसला तरी आम्हाला पुरतो. तो फोटो टाकून देऊ नका. मागे पेन्सिलीने साल आणि स्टेशन लिहा, आणि स्कॅन करताना रंग सुधारणारं बटण दाबू नका. फोटो पिवळा पडला असला तरी चालेल. फक्त आत्याला एकदा फोन करून त्या दिवशी कुठली साडी नेसली होती ते विचारा. गाडीचा रंग तिला आठवणार नाही, पण साडीचा रंग ती काठासकट सांगेल, आणि त्यावरून डब्याचा रंग काढता येतो.